‘सुट्टी आली’ लिहिलेली माळ

मित्रांनो, मावशीच्या थोरल्या लेकीला जुळे झाले आणि मावशी एकाच दिवशी दोनदा आजी झाली, त्या वर्षाच्या शेवटी माझा जन्म झाला. वर्षाचा आकडा मला सांगता येणार नाही. ज्या दोघींच्या हातून मी घडले, त्यांतल्या एकीला आकडे वाचता येत नव्हते आणि दुसरीला ते आठवत बसायला वेळ मिळाला नाही.

मी कापडी पताकांची माळ आहे. मधोमध चार मोठ्या पताका, त्यांच्यावर चार अक्षरे, आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा लहान कोऱ्या पताका. सध्या मी एका रुग्णालयाच्या अडगळीच्या खोलीत जुन्या कागदांच्या गठ्ठ्याला करकचून बांधलेली आहे. सुतळी संपली होती, मी हाताशी होते. माझे रंग उडाले आहेत. ‘सु’ची शेपटी कसरीने खाल्ली आहे. पण मी जे पाहिले ते शिवणीत पक्के बसले आहे, ते उसवत नाही.

माझे माहेर विचाराल तर कचरा. माझ्या लहान पताका म्हणजे स्त्रियांच्या कक्षातला विटलेला हिरवा पडदा. मला बांधायची दोरी म्हणजे तीन पदरी वळलेल्या जुन्या पट्ट्या, ज्या कधी कुणाच्या मोडलेल्या पायाला गुंडाळल्या होत्या. ‘आ’ हे अक्षर मोडक्या छत्रीच्या काळ्या कापडाचे. ‘सु’ एका कोटाच्या लाल अस्तराचे. ‘ट्टी’ आणि ‘ली’ पिवळ्या फुलाफुलांच्या फ्रॉकमधून निघाले. तो फ्रॉक जुन्या कपड्यांच्या दुकानात तीन हिवाळे टांगलेला होता. दुकानदार मावशीला म्हणाला, “घेऊन जा बाई, याच्यावर आता धूळसुद्धा बसत नाही.” 

मावशी म्हणजे कक्षातली झाडपूस करणारी बाई. लादी पुसायची, भांडी घासायची, रुग्णांना कुशीवर वळवायचे, त्यांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या. वय पन्नाशीच्या आसपास. पाठ जराशी वाकलेली, तोंड मात्र सरळ. तिला लिहिता-वाचता येत नव्हते आणि हे तिने कधी लपवले नाही. हजेरीच्या वहीत ती रोज अंगठा उठवायची. फायली ती डागांवरून ओळखायची. सात नंबरच्या फायलीवर चहाच्या कपाचा अर्धा गोल होता. अकरा नंबरचा कोपरा उंदराने कुरतडला होता. चार नंबरला शाईचा ठिपका. एकदा कुणी हौसेने सगळ्या फायलींना नवे कव्हर घातले, तेव्हा आठवडाभर मावशीने सगळ्यांच्या फायली चुकीच्या टेबलावर नेल्या आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

वर्षअखेरच्या सुट्टीत रुग्णालयात एक छोटा मेळावा असे. कचेरी चार दिवस बंद, लॅब बंद, मोठे डॉक्टर गावी. जे रुग्ण मागे राहत त्यांना सुने वाटू नये म्हणून एका दुपारी नातेवाइकांना बोलवायचे, खाऊ वाटायचा, कक्ष सजवायचा. त्या वर्षी मोठ्या सिस्टरांनी फर्मान काढले.

“मावशी, विकत एक टाचणीसुद्धा आणायची नाही. जे टाकून दिलंय त्यातूनच काय ते करा. आणि जे घ्याल ते आधी सोडा घालून उकळून घ्या.”

“माणसं उकळायला सांगत नाहीत ते नशीब,” मावशी पाठ वळल्यावर पुटपुटली.

सात नंबरच्या खाटेवरून कुणीतरी खुदकन हसले आणि मग हसता हसता बराच वेळ खोकले.

“ए बाई, इकडे ये,” खोकला थांबल्यावर सात नंबर म्हणाली. “ते पडदे फेकणार आहेस काय?”

“मग काय पांघरून बसू?”

“दे इकडे. मला हात चालवू दे. नुसती पडून पडून मला बुरशी येईल.”

या आमच्या शिवणकाकू. बत्तीस वर्षे त्यांनी शाळेचे गणवेश शिवले. त्यांचे हृदय दमले होते. पायांत पाणी, छातीत पाणी. सकाळ-संध्याकाळ एक इंजेक्शन दिले की पाणी उतरायचे आणि काकू माणसात यायच्या. त्या आल्या तेव्हा पाय केळीच्या खुंटासारखे होते. दोन महिन्यांनी घोटे दिसू लागले. स्वतःचे घोटे पाहून त्या म्हणाल्या होत्या, “अरे वा, हे अजून आहेत का!”

रोज सकाळी डॉक्टर खाटेपाशी आले की काकूंचा एकच प्रश्न, “माझी सुट्टी कधी?” 

मित्रांनो, तुम्हाला सुट्टी म्हणजे शाळा बंद. रुग्णालयात सुट्टी म्हणजे घरी सोडणे. तिथे या शब्दाइतका गोड शब्द नाही. काकूंना तो ऐकायची घाई होती, कारण त्यांची नऊ वर्षांची नात लांबच्या वसतिगृहात शिकत होती आणि वर्षअखेरीस फक्त आठ दिवस घरी येणार होती. कक्षात बारा वर्षांखालच्या मुलांना मज्जाव. म्हणजे नात घरी येणार, पुन्हा जाणार, आणि आजी मधल्या तीन रस्त्यांपलीकडे खाटेवर पडून राहणार.

“तिची सुट्टी आणि माझी सुट्टी एकदम पडली पाहिजे,” काकू सांगायच्या. “तिचा फ्रॉक अर्धा शिवून आलेय मी. बाह्या राहिल्यात. बाह्या काय सुनेला जमणार? ती लावेल उलट्या.”

“तुमच्या सुनेने ऐकलं तर?”

“ऐकू दे की. बाह्या लावायला तरी शिकेल.”

आठ दिवस मी काकूंच्या मांडीवर वाढले. मावशी उकळलेली कापडे घेऊन यायची, काकू पताका कापायच्या, कडा दुमडायच्या, बारीक टाके घालायच्या. कडा दुमडल्याशिवाय त्या पताका खाली ठेवत नसत. मावशी म्हणाली, “एका दुपारसाठी एवढं कशाला? कात्रीने कापायचं आणि लटकवायचं.” काकूंनी चष्म्यावरून पाहिले. “तू लादी पुसतेस तेव्हा खाटेखालची सोडतेस का? नाही ना? मग.”

माझ्याबरोबर बाकीची सजावटही तयार होत होती. गोळ्यांच्या रिकाम्या चंदेरी पाकिटांच्या चांदण्या. इंजेक्शनच्या बाटल्यांची निळी-केशरी टोपणे दोऱ्यात ओवून केलेले पडदे. जुन्या एक्स-रेच्या काळ्या फिल्मचे पक्षी. प्रत्येक पक्ष्याच्या पोटात कुणाची तरी बरगडी. चार नंबरच्या आजी म्हणाल्या, “माझी बरगडी मला द्या, मी खाटेवर टांगते.” असे हसणे त्या कक्षात क्वचित व्हायचे. मी ते ऐकत वाढले, म्हणून मला वाटायचे की जग असेच असते.

अक्षरांची कल्पना काकूंची. “नुसत्या पताका मुक्या वाटतात. काहीतरी लिहू या. ‘सुट्टी आली’ लिहू. चारच पताका लागतील.”

“लिहा तुम्ही. मला त्यातलं काय कळतंय?” मावशी म्हणाली.

“कळत नाही तर कळून घे. नातवंडं झालीत तुला. उद्या ती पाटी घेऊन आली तर काय अंगठा दाखवणार?”

मावशी बादली उचलून निघाली. पण काकूंनी खडूने लाल अस्तरावर अक्षर काढले तेव्हा ती ओणवी होऊन बघत होती.

“हा ‘स’. याच्या पायाला ही शेपटी अडकवली की ‘सु’. आता हे बघ. एक ‘ट’, त्याच्या खांद्यावर दुसरा ‘ट’ बसलाय.”

“खालचा दमेल की.”

“दमू दे. शेजारी ही काठी उभी करायची आणि काठीवरून अशी वेलांटी फिरवायची. झाली ‘ट्टी’. कापता येईल?”

“कापडच कापायचंय ना? त्यात काय?”

मावशीने चारही अक्षरे स्वतः कापली. जीभ दातांत धरून, श्वास रोखून. कापताना तिचे बोट प्रत्येक वळणावरून दहादा फिरले. हाताने शिकलेले डोक्याने शिकलेल्यापेक्षा खोल जाते असे मला तेव्हापासून वाटते, आणि त्याची मला तेव्हापासून भीतीही वाटते.

चार पताका दोरीत ओवायचे कामही तिने मागून घेतले. ओवून झाल्यावर दोन टोके धरून खाटेसमोर उभी राहिली. “वाचा आता.”

काकूंनी वाचले आणि पोट धरून हसल्या. “‘ली आ ट्टी सु’! अगं, हे काय परदेशी औषध आहे का?”

पुन्हा उसवले. दुसऱ्यांदा ‘आली सुट्टी’ झाले. काकू म्हणाल्या, “हे मात्र चालतं बरं का. आली सुट्टी काय, सुट्टी आली काय, आली म्हणजे झालं.” तरी मावशीने तिसऱ्यांदा ओवले. त्या दिवसापासून ती येता-जाता मला वाचायची. बादली घेऊन आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा. ओठ हलायचे. आयुष्यात तिला वाचता येणारे ते पहिले दोन शब्द. तिने ते हजेरीच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावरही एकदा खडूने गिरवले आणि लगेच बोटाने पुसले.

काकूंनी तिला बजावले होते, “हे दोन झाले की पुढचे शिकवते. माझ्या घरी ये. मशीनशेजारी बस, मी शिवेन, तू वाच.” पुढचे शब्द राहिले.

बुधवारी मला कक्षाच्या दारावर आतल्या बाजूने टांगले. दाराला लागूनच, माझ्या एका टोकाखाली, सिस्टरांचे टेबल होते. त्यामुळे पुढचे सगळे मी वरून पाहिले. पाहण्यापलीकडे पताकेला काही करता येत नाही.

बुधवारी दुपारी डॉक्टर शेवटची फेरी मारून गेले. काकूंनी विचारलेच, “माझी सुट्टी?” डॉक्टर घाईत होते. “बघू, बघू. एकदा रक्त तपासू, मग ठरवू.” जाताना त्यांनी सात नंबरच्या फायलीत उभ्या उभ्या लिहिले. मी वरून वाचले. लिहिले होते: ‘लॅबला सुट्टी. रक्त सोमवारी घेणे. इंजेक्शन चालू ठेवणे.’

संध्याकाळी मोठ्या सिस्टर रजेवर गेल्या. त्यांच्या जागी एक बदली सिस्टर आली. कोवळी मुलगी, नवी नोकरी. तिच्याकडे आमचा कक्ष आणि वरच्या मजल्यावरचा, असे दोन. अठ्ठेचाळीस खाटा आणि दोन पाय.

गुरुवारी मेळावा. सकाळपासून मावशी आनंदात होती. बदली सिस्टर काकूंचे सकाळचे इंजेक्शन देऊन वर गेली होती. मावशी टेबल पुसायला आली. टेबलावर फायलींचा ढीग होता आणि वरच चहाच्या कपाचा अर्धा गोल. तिने फाइल बाजूला ठेवायला उचलली. मग थांबली. इतक्या वर्षांत तिने एकही फाइल उघडली नव्हती. उघडून उपयोगच काय होता? त्या दिवशी मात्र तिने फडके खांद्यावर टाकले, हात लुगड्याला पुसले आणि फाइल उघडली.

पानभर किडे-मुंग्या. खाली खाली तिचे बोट सरकत गेले. शेवटच्या ओळीपाशी बोट अडखळले, मागे आले, पुन्हा अडखळले. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. पुन्हा पानाकडे. पुन्हा माझ्याकडे. तिला शेपटी ओळखू आली. खांद्यावर बसलेला ‘ट’ ओळखू आला. ती माझ्याशी ताडून पाहत होती, मित्रांनो, आणि मी तिला ‘बरोबर आहे’ असे सांगत होते. शब्द बरोबरच होता. शेजारचा शब्द मला येत होता आणि तिला येत नव्हता, एवढाच फरक.

ती जवळजवळ धावत सात नंबरपाशी गेली.

“काकू! तुमची सुट्टी आली!”

“हो, दारावर लटकतेय. मीच शिवलीय.”

“थट्टा नाही. तुमच्या कागदावर लिहिलंय. डॉक्टरांच्या हाताने. मी वाचलं!”

काकू उठून बसल्या. “नीट वाचलंस?”

“‘स’ला शेपटी. ‘ट’च्या खांद्यावर ‘ट’. शेजारी काठी, वरून वेलांटी. तुम्हीच तर शिकवलंत.”

काकूंनी मावशीचे दोन्ही हात धरले. मला वाटते, त्यांना खात्री करून घ्यायची होती. ‘फाइल इकडे आण’ असे त्यांच्या ओठांवर आले होते. पण रुग्णांच्या हाती फाइल द्यायची नाही असा नियम होता, मावशीला बोलणी बसली असती. आणि दुसरे म्हणजे त्यांना ते खरेच हवे होते. “बघ,” त्या म्हणाल्या, “काल डॉक्टर बघू बघू म्हणत होते तेव्हाच मी ओळखलं. घोटे दिसायला लागल्यावर कशाला ठेवतील?” जरा थांबून त्यांनी मावशीच्या गालावर चापट मारली. “आणि तू वाचलंस गं. तू वाचलंस.”

दुपारी काकूंचा मुलगा आला. छापखान्यात कामाला होता, नखांत शाई. मेळाव्याला आला होता, हातात खाऊचा डबा. नात सकाळच्या गाडीने घरी पोचली होती.

“सुट्टी? मग कागद?” त्याने विचारले.

“कचेरी बंद आहे ना दादा,” मावशी म्हणाली. “सोमवारी या, मग न्या. सुट्टीत घरी जाणाऱ्या सगळ्यांचं असंच असतं.”

“आणि औषधं?”

“कपाटातल्या गोळ्या घेऊन जा.”

“इंजेक्शन?”

यावर मावशीने काकूंकडे पाहिले. काकूच म्हणाल्या, “घरी कोण सुया टोचतं? बरी झाले म्हणूनच सोडतायत. तू गाडी बघ आधी. पोर दारात उभी असेल.”

तो बदली सिस्टरला शोधायला वरच्या मजल्यावर गेला. तिथे कुणाची तरी शुद्ध हरपली होती, सगळी धावपळ. तो तसाच परत आला. खाली कक्षात माणसांची गर्दी झाली होती, चांदण्या हलत होत्या, एक्स-रेचे पक्षी फिरत होते. मावशीने काकूंना चाकाच्या खुर्चीत बसवले, पायांवर शाल टाकली. दारापाशी काकूंनी खुर्ची थांबवली.

“वाच एकदा. सगळ्यांना ऐकू जाईल असं.”

मावशीने मान वर केली. पन्नाशीची बाई शाळेतल्या मुलीसारखी ताठ उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, “सुट्टी! आली!”

कक्षाने टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा जो अभिमान वाटला तो पुन्हा कधी वाटला नाही. काकू माझ्याखालून गेल्या. शालीचा एक दोरा माझ्या शेवटच्या पताकेला अडकला आणि सुटला.

संध्याकाळी बदली सिस्टर इंजेक्शन घेऊन सात नंबरपाशी आली. खाट रिकामी, चादर घडी केलेली. चार नंबरच्या आजी म्हणाल्या, “त्यांना सुट्टी झाली.” मुलगी दमलेली होती. तिने मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेली. फाइल तिने उघडली नाही.

शुक्रवार गेला, शनिवार गेला, रविवार गेला. मावशी त्या तीन दिवसांत टेबलावरच्या सगळ्या फायली उघडून पाहायची. आणखी कुठे तिचा शब्द सापडतो का ते शोधायची. कुठेच सापडला नाही. “काकूंचंच नशीब बाई,” ती चार नंबरला म्हणाली.

सोमवारी सकाळी मोठ्या सिस्टर रजेवरून परत आल्या. पाठोपाठ लॅबचा माणूस नळ्या खुळखुळवत आला. “सात नंबर कुठे? रक्त घ्यायचंय.”

सिस्टरांनी फाइल उघडली. वाचली. रिकाम्या खाटेकडे पाहिले. पुन्हा वाचली.

“हा पेशंट कुठाय?”

कुणी उत्तर द्यायच्या आत काकूंचा मुलगा दारात उभा होता. डोळे सुजलेले, पायांत दोन वेगळ्या चपला. तो सिस्टरांशी बोललाच नाही. लादी पुसत असलेल्या मावशीसमोर जाऊन त्याने हात जोडले.

“मावशी, आई गेली. शनिवारी सकाळी. आदल्या दिवसापासून पाय सुजायला लागले होते. आम्हाला वाटलं, चालणं झालं म्हणून असेल. सकाळी धाप लागली, गाडी बोलावेपर्यंत...” त्याने बाहीने डोळे पुसले. “पण दोघींची भेट झाली हो. दीड दिवस पोर तिच्या अंगावरून हलली नाही. फ्रॉकची एक बाही लावून झाली. तुम्ही सांगितलं नसतं तर तेही झालं नसतं. आई तुमचंच नाव घेत होती. आमच्या मावशीने वाचलं, असं सगळ्यांना सांगत होती.”

मावशी ओल्या लादीवर बसली. फडके तिच्या हातात तसेच होते. पाणी गळून तिच्या लुगड्यात शिरत होते.

तो कागद न्यायला कचेरीकडे गेला. त्याला सुट्टीचा एक कागद न्यायचा होता, आता मृत्यूच्या नोंदीसाठी दुसराही न्यायचा होता.

सिस्टरांनी दार लोटले. “घरी जा असं त्यांना तुम्ही सांगितलंत?”

“मी सांगितलं,” मावशी म्हणाली. “मी वाचलं.”

“मावशी, काहीतरी बोलू नका. तुम्हाला कुठे वाचता येतं? हजेरीवर अंगठा आहे तुमचा.”

मावशी उठली. टेबलावरचे पेन तिने मुठीत धरले, झाडू धरतात तसे, आणि एका कागदावर लिहिले. वेळ लागला. अक्षरे वाकडी होती पण चुकलेली नव्हती. सिस्टरांनी तो शब्द पाहिला. मग वर माझ्याकडे पाहिले. मग फायलीतल्या ओळीकडे.

“लॅबला,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “लॅबला सुट्टी होती, मावशी. लॅबला.”

“ते मला येत नाही,” मावशी म्हणाली. “मला एवढंच येतं.”

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. सिस्टरांनी मावशीने लिहिलेला कागद घडी करून स्वतःच्या खिशात घातला. “हे इथेच राहू दे. कुणाला बोलायचं नाही. नोकरी घालवाल. घरी कमावणारं दुसरं कोण आहे?”

“आणि ती बदलीवरची पोरगी?”

“तिने फाइल उघडायला हवी होती. ती तिची चूक आहे.”

ते खोटे नव्हते. म्हणूनच ते बोलणे सोपे गेले. चौकशी झाली तेव्हा मावशी दाराबाहेर बादली घेऊन उभी होती. आत बोलावले तर सांगायचे असे तिने ठरवले होते. तिला आत बोलावलेच नाही. अंगठा उठवणाऱ्या बाईला फायलीबद्दल काय विचारणार? बदली सिस्टरला त्याच आठवड्यात कामावरून कमी केले. जाताना ती मुलगी रडत माझ्याखालून गेली. मावशीने तोंड उघडले आणि मिटले. मी पाहिले.

मला खाली उतरवायला मावशीला सांगितले होते. तिने स्टूल आणले, वर चढली, आणि माझ्याकडे न बघता गाठ सोडली. जाळेल असे मला वाटले. तिने मला गुंडाळून चादरींच्या कपाटात सगळ्यात मागे कोंबले. पुढची दोन वर्षे दुसऱ्याच कुणी मला शोधून दारावर टांगले. लोकांनी कौतुक केले, टाके किती बारीक आहेत म्हणाले. मावशी त्या दिवसांत मागच्या दाराने ये-जा करायची. मग नव्या कागदी माळा आल्या, चकचकीत, आणि माझी गरज संपली. एकदा रंगाऱ्याने माझी दोरी करून शिडी बांधली. एकदा उशीखाली टेकू म्हणून घातले. शेवटी हा गठ्ठा.

मावशीने त्यानंतर काय केले तेही सांगते. चादरी नेणाऱ्या बायका बोलायच्या, ते मला कपाटात ऐकू यायचे. तिने संध्याकाळच्या प्रौढांच्या वर्गात नाव घातले. दोन वर्षे एक दिवस चुकवला नाही. पुढे ती सगळे वाचू लागली, औषधांच्या बाटल्या, पाट्या, पुडीचे कागद. एकच गोष्ट दोनदा वाचायची, बोट ठेवून, शेवटच्या टिंबापर्यंत. काकूंच्या घरचा पत्ता फायलीतून वाचून तिने पाठ केला होता. पण त्या घरी ती कधी गेली नाही. मुलाने जोडलेले हात तिला सोडवता आले नाहीत. आणि हजेरीच्या वहीत, सही येत असूनही, तिने निवृत्त होईपर्यंत अंगठाच उठवला. नव्या कारकुनाने हटकले तर म्हणायची, “राहू द्या साहेब, हा माझाच आहे.”

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या माळा, पताका, कंदील तुमच्या घरात असतील. ते फेकू नका, नीट घडी घालून ठेवा, असे मी सांगणार होते. तेवढे सांगून माझे भागत नाही. दुसऱ्या माणसाचा कागद हाती आला तर तो शेवटपर्यंत वाचा. एखादा शब्द येत नसेल तर कुणाला तरी विचारा. विचारताना लाज वाटेल, ती वाटू द्या, पण विचारा. तुमच्या घरात, शेजारात कुणी मोठे माणूस अक्षरे शिकत असेल तर त्याला एक शब्द शिकवून टाळ्या वाजवू नका. त्याच्या शेजारी बसा आणि सगळे शिकवा. आणि तुमच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला होत असेल तर दाराबाहेर बोलावण्याची वाट बघत उभे राहू नका. मावशी वाईट नव्हती. तिने आपले काम चाळीस वर्षे चोख केले. तरी हे तिच्या हातून झाले आणि माझ्या हातून झाले.

शिवणकाकू त्या वर्षअखेरच्या सुट्टीत, शनिवारी सकाळी सव्वानऊ वाजता, आपल्या घरी वारल्या. त्यांचे वय त्रेसष्ट होते. मावशी त्यानंतर सतरा वर्षांनी, उन्हाळ्यात, लेकीच्या घरी वारली. बदली सिस्टरचे पुढे काय झाले ते कुणाला माहीत नाही.